विसण

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येईल, असं मॉरीन म्हणाली होती. मॉरीन कासलबारमध्ये, आयर्लंडच्या मेयो परगण्यात, अंत्यसंस्कारांचं काम करते. साठीची, बुटकी, आवाज कधीही न चढवणारी बाई. आईला न्यायला आली तेव्हा तिने दारातच मला नीट समजावून सांगितलं. स्वॅब निगेटिव्ह आला तर आईला आंघोळ घालता येईल, साडी नेसवता येईल, आणि हे सगळं मी माझ्या हातांनी करू शकेन. पॉझिटिव्ह आला तर पेटी लगेच बंद होईल. मग ती कुणालाच उघडता येणार नाही, मलासुद्धा नाही.

जानेवारी २०२१ चा दुसरा आठवडा होता. मी इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. तेव्हा दहा महिने अतिदक्षता विभागात होते, रुग्णांच्या श्वासनळीत नळ्या घालत होते. आई घराबाहेर जायची ती परसापर्यंत आणि शेजारच्या ब्रायडीच्या कुंपणापर्यंत. तिला करोना झाला असेल तर तो कुठून आला, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. म्हणजे त्या एका निकालातून मला दोन गोष्टी कळणार होत्या. आईला मी न्हाऊ घालू शकेन का, आणि तिच्या मरणाला कारण मीच आहे का.

दुसरी गोष्ट मी रणजितला बोलले नाही. रणजित माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. त्याला येणं शक्य नव्हतं. सकाळी आठला त्याचा फोन आला.

"ताई, गुरुजी म्हणतात, मंत्र व्हिडिओवर म्हणू. पण आंघोळ घरातल्या बाईनेच घालायची. तिथे कोण आहे?"

"मी आहे."

"एकटी?"

"रोज ऐंशी-नव्वद किलोची माणसं पालथी करते रे मी. आई पन्नास किलोची."

तो थोडा हसला.

"पाणी चांगलं गरम घे हं," तो म्हणाला. "ती कायम..."

"माहितीये मला."

आमच्या पुण्याच्या घरात तांब्याचा बंब होता. आई पहाटे तो पेटवायची आणि एकेकाचं पाणी काढायची. आधी आजोबा, मग बाबा, मग आम्ही दोघं, मग कोकणातून कुणी पाहुणा आलेला असेल तर तो. बादलीत कढत पाणी, त्यात विसण. गार पाणी किती घालायचं ते ती कोपर बुडवून ठरवायची. प्रत्येकाचं विसण तिला पाठ होतं. आजोबांना चटका बसेल इतकं गरम लागायचं, रणजितला कोमट. तिची पाळी येईपर्यंत बंब विझलेला असायचा. उरलेल्या पाण्यात तिची आंघोळ पाच मिनिटांत उरकायची, आणि त्या पाच मिनिटांत दारावर तीन हाका. दूधवाला आलाय. माझा डबा कुठंय. फोन वाजतोय. तिने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. आणि मला ते दिसलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जपानमध्ये, एका माकडिणीमुळे.

रणजितचा फोन ठेवला आणि फ्रिजकडे बघत बसले. तिथे एक चित्र चिकटवलेलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेल्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेलं एक माकड, डोक्यावर बर्फाचा थर, डोळे मिटलेले. वर्ष संपल्यावर आईने ते कापून घेतलं आणि पुण्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावलं. दहा वर्षं ते तिथे होतं. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली, २०१९ च्या डिसेंबरात, तेव्हा ते तिच्या पर्समध्ये होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. आल्या दिवशीच तिने ते माझ्या फ्रिजवर लावलं.

"आई, ही खरी बघायची आहेत का तुला?" मी विचारलं होतं.

"कशाला? आमच्या आरवलीला माकडं काय कमी आहेत? झाडावर फणस ठेवत नाहीत मेली."

आरवली तिचं माहेर. तिथेही गरम पाण्याचे झरे आहेत. तिच्या लहानपणी कुंडावर आधी पुरुष जायचे, मग पोरं. बायकांनी जायचं तर उजाडायच्या आत. एवढं बोलून तिने ते चित्र ओल्या फडक्याने पुसलं आणि परत लावलं. मग तिसऱ्यांदा सरळ केलं. मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

आम्ही जानेवारीच्या अखेरीस गेलो. डब्लिनहून निघून टोकियो, तिथून रेल्वे, मग बस, आणि शेवटी देवदारासारख्या उंच झाडांमधून बर्फातली दोनेक किलोमीटरची पायवाट. पायथ्याच्या दुकानात गमबूट भाड्याने मिळत होते. आईने दोन स्वेटरांवर माझा हिरवा कोट चढवला होता.

"कशी दिसते गो मी?"

"आयर्लंडच्या हिरव्या पोस्टाच्या पेटीसारखी."

"मग टाक काहीतरी पत्र."

वाटेत मी तिला त्या जागेच्या नावाचा अर्थ सांगितला. जिगोकुदानी, म्हणजे नरकाची दरी. जमिनीतून वाफा येतात म्हणून जुन्या लोकांनी ते नाव दिलं असावं. आई वाटेतच थांबली आणि हसत राहिली.

"अगो, नरकात जायला लागू नये म्हणून चतुर्दशीला पहाटे उठून तुम्हाला तेल लावून न्हायला घातलं सगळी वर्षं. आणि आता एवढं विमानाचं भाडं भरून नरकात आलो, तर इथे माकडं न्हातायत."

फाटकापाशी नियमांची पाटी होती. मी तिला मराठीत करून सांगितलं: कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, खायचं दाखवायचं नाही, हात लावायचा नाही.

"सासरी पहिल्या दिवशी मला हेच सांगितलं होतं," आई म्हणाली.

माकडं आमच्या पायांजवळून गेली, आम्ही जणू झाडं असल्यासारखी. ती पाळलेली नव्हती. डोंगरातून आपल्या मर्जीने उतरायची आणि संध्याकाळी परत जायची. कुंड फार मोठं नव्हतं, आमच्या पुण्याच्या दिवाणखान्याएवढं असेल. त्यात दहा-बारा जणी बसलेल्या, लाल तोंडं, डोक्यावरचे केस बर्फाने पांढरे. जवळजवळ सगळ्या माद्या आणि पिल्लं. कुणी कुणाच्या पाठीतलं काहीबाही वेचत होती आणि जिचं वेचलं जात होतं ती डोळे मिटून मान कलती करून बसली होती, शनिवारी न्हायच्या आधी आईच्या पुढ्यात मी बसायचे तशी. एक पिल्लू काठावरून घसरून पाण्यात पडत होतं, वर चढत होतं, आणि मुद्दाम परत घसरत होतं.

आईचं लक्ष मात्र पाण्यात नव्हतं. पलीकडच्या काठावर, दगडावर, एक म्हातारी माकडीण बसली होती. तिचा एक कान फाटलेला होता आणि पाठीवर बर्फ साचला होता. वाफ तिच्या तोंडावर येत होती, पण ती पाण्यात उतरत नव्हती.

"ती का नाही जात?"

मी वाचलेलं होतं ते सांगितलं. यांच्यात घराणी असतात. आई मोठी असेल तर लेकी मोठ्या. त्यांचं झाल्याशिवाय दुसऱ्यांना पाण्यात जागा मिळत नाही.

"म्हणजे धाकटी सून," आई म्हणाली.

तासभर गेला. माझी बोटं बधिर झाली होती. माझे फोटो काढून झाले होते, आणि मला बसचं वेळापत्रक दिसत होतं.

"आई, निघूया का?"

"थांब. ती बसली की जाऊ."

"ती कदाचित बसणारच नाही. जंगली जनावरं आहेत, त्यांचं काही ठरलेलं नसतं."

"बसेल. पाणी कुठे जातंय?"

अजून अर्धा तास. मग बागेतला एक माणूस बादली घेऊन आला आणि त्याने डोंगराच्या बाजूला सातूचे दाणे फेकले. सगळ्या जणी पाण्यातून निघाल्या आणि तिकडे धावल्या. कुंड रिकामं झालं. फाटक्या कानाची माकडीण दाण्यांकडे गेली नाही. ती दगडावरून हळूहळू उतरली, आधी एक हात पाण्यात घातला, काढला, परत घातला, आणि मग गळ्यापर्यंत बसली. तिने डोळे मिटले. हुबेहूब फ्रिजवरच्या चित्रासारखं दिसलं असतं, पण मी फोटो काढला नाही. मी आईकडे बघत होते. तिने हातमोजा काढून चष्म्याची काच पुसली.

"झालं," ती म्हणाली. "चल आता."

उतरताना मला आमचा बंब आठवला. आधी आजोबा, मग बाबा, मग आम्ही. मी चालता चालता थांबले. आई पुढे गेली होती, मागे वळून म्हणाली, "काय गो, पाय दुखतात काय?" मी नाही म्हटलं.

त्या रात्रीच्या मुक्कामाला जी धर्मशाळेसारखी लहानशी सराई होती, तिथे बायकांसाठी एकच मोठं न्हाणीघर होतं. बाहेर बसून अंग घासून घ्यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून दगडी कुंडात शिरायचं, अंगावर काही न घालता. आई म्हणाली, शक्य नाही. मी आग्रह केला नाही. जेवणाआधी मी एकटीच पाण्यात बसले होते, समोर एक जपानी आजीबाई होत्या. इतक्यात दार सरकलं आणि आई आली, हातभर टॉवेल छातीशी धरून.

"बघू नकोस इकडे," ती मला म्हणाली. "ती फाटक्या कानाची तरी कुठे कपडे घालून बसली होती."

तिने पाय घातला आणि लगेच वर घेतला. "अगो आई. याला विसण कुठलं घालायचं?"

तिने हे मराठीत म्हटलं, पण आजीबाईंना कळलं. त्या उठल्या, भिंतीतला गार पाण्याचा नळ सोडला, आणि हाताने पाणी आईच्या दिशेने लोटत राहिल्या. आईने कोपर बुडवून बघितलं, मान हलवली. आजीबाईंनी नळ बंद केला. मग आई बसली, गळ्यापर्यंत. बाहेर बर्फ पडत होता. बऱ्याच वेळाने आई डोळे न उघडता म्हणाली, "कोणी हाक मारणार नाहीये."

आम्ही आयर्लंडला परतलो. आईचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ती इथेच राहिली.

मी इस्पितळातून आले की तिला शिवायचं नाही, असा आमच्यात नियम ठरला. दारातच बूट, कपडे पिशवीत, सरळ वर न्हाणीघरात, आणि मगच स्वयंपाकघरात. "आयुष्यभर सोवळं पाळलं नाही," आई म्हणायची, "आणि लेक डॉक्टर करून शेवटी तेच नशिबी आलं." आंघोळीचं पाणी मात्र तिने ताब्यात घेतलं. इथल्या जुन्या घरांत पाण्याच्या टाकीला विजेवर तापवायची सोय असते. तिला सगळे इमर्शन म्हणतात. ती अर्धा तास आधी लावावी लागते आणि आठवणीने बंद करावी लागते. इमर्शन चालू ठेवून झोपणाऱ्या माणसाबद्दल मेयोमधले लोक जे बोलतात, ते आपल्याकडे दिवा विझवून देवघर सोडणाऱ्याबद्दलही बोलत नाहीत. हे शिक्षण आईला ब्रायडीने दिलं, कुंपणापलीकडून, दोन मीटर अंतरावरून.

ब्रायडी पंच्याहत्तरीची, विधवा, एकटी राहणारी. तिचं मेयोचं इंग्रजी आणि आईचं मॅट्रिकचं इंग्रजी यांचं कसं जमायचं, मला कळलं नाही. ब्रायडीने तिच्या परसातल्या ऱ्हुबार्बचे आंबट दांडे दिले, आईने त्यांचा मेथांबा केला. ब्रायडी तो पावाला लावून खायची. माझी गाडी वळणावर दिसायच्या वेळेच्या अर्धा तास आधी आई इमर्शन लावायची आणि मी न्हाऊन खाली आले की ब्रायडी परसातून ओरडायची, "सुरेखा, बंद केलंस का?" आई ओरडायची, "केलं." ब्रायडी म्हणायची, "ग्रँड." इकडे त्याचा अर्थ एवढाच, की छान, झालं.

मला वाटायचं, आईला तिथे कंटाळा येत असेल. एकदा विचारलं. ती म्हणाली, "एकाच माणसाचं पाणी काढायचं, आणि मग मला हवं तेवढं. आणि काय पाहिजे?"

त्या मंगळवारी मी पाच वाजता घरी आले. दारातून हाक मारली, "आई, आले." स्वयंपाकघरात ती खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. पाठ माझ्याकडे. वाटलं, डुलकी लागली असेल. वर गेले. इमर्शनचा लाल दिवा चालू होता, पाणी कढत होतं. सकाळपासून उभी होते, म्हणून जरा जास्तच वेळ न्हायले. केस कोरडे करत खाली आले आणि तिच्या खांद्याला हात लावला.

तिला जाऊन तासभर झाला असावा. मी डॉक्टर आहे, मला ते हाताला कळलं. म्हणजे मी आधी तिच्याजवळ गेले असते तरी काही उपयोग नव्हता. हृदय असणार, आणि फार वेळ लागला नसणार. पुढ्यातला चहा निम्मा प्यायलेला होता. पण ते पाणी तिने माझ्यासाठी लावलेलं शेवटचं पाणी होतं, आणि ते मी काहीही माहीत नसताना अंगावर घेतलं. इमर्शन मी रात्री साडेआठला बंद केलं. ब्रायडीने त्या दिवशी विचारलं नव्हतं. तिने मॉरीनची गाडी बघितली होती.

गावच्या डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं, मृत्यूच्या दाखल्याचं बघतो म्हणाले. पण घरात इस्पितळात काम करणारं माणूस, आणि महिना जानेवारीचा, त्यामुळे स्वॅब घ्यावाच लागला.

बुधवारी साडेअकराला मॉरीनचा फोन आला.

"निगेटिव्ह आहे, इरावती," ती म्हणाली. "तू दोन वाजता येऊ शकतेस."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. माझाही स्वॅब घेतला होता. तोही निगेटिव्ह होता. कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून मॉरीनचेच मानले. ती म्हणाली, "मी काहीच केलं नाही गं." मग जरा अडखळली. "एक सांगायचं होतं. आमच्या त्या खोलीतल्या नळाला पाणी कोमटच येतं. आम्हाला कधी जास्त गरम लागत नाही. चालेल ना?"

मी हो म्हणाले. फोन ठेवला. आणि नाही चालणार, हे लक्षात आलं.

घरात एक लहान थर्मास होता. मी परसात गेले. ब्रायडी कपडे वाळत घालत होती, जानेवारीतल्या त्या उन्हात, जे ऊन नव्हतंच.

"ब्रायडी, तुझ्याकडे थर्मास आहेत का?"

"किती?"

"आईला आंघोळ घालायची आहे. आमच्यात घरच्यांनी घालतात. मॉरीनकडे गरम पाणी नाही."

तिने हातातला चिमटा दोरीला लावला. "आमच्याकडेही घालायचे," ती म्हणाली. "माझी आई आमच्या सगळ्या वाडीतली माणसं धुवायची. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्यामागे पाणी वाहायचे. किती वाजता?"

"दोन."

"ग्रँड. तू जा. मी येते."

दोनला दहा कमी असताना ब्रायडीची जुनी गाडी मॉरीनच्या आवारात आली. मागच्या सीटवर दोऱ्यांनी बांधलेले तीन मोठे स्टीलचे फ्लास्क होते, नळ असलेले. चर्चच्या हॉलमधले. कुणी गेलं की प्रार्थनेनंतर सगळ्या गावाला त्यातून चहा मिळायचा. मार्चपासून चहा बंद होता, फ्लास्क कपाटात होते. ब्रायडीने चर्चमधून किल्ली मागून आणली होती आणि हॉलमधल्या शेगडीवर पाणी उकळवलं होतं. तिने एकेक फ्लास्क दारापाशी ठेवला आणि मागे सरकून दोन मीटरवर उभी राहिली.

"कढत आहे हं," ती म्हणाली. "हात भाजून घेशील."

"विसण घालते," मी म्हणाले, मराठीतच. तिने मान हलवली, जणू कळलं.

आत स्टीलचं टेबल, खिडकी, एक सिंक. मला प्लॅस्टिकचा झगा आणि हातमोजे घालावे लागले. निकाल काहीही असो, तसा नियम होता. मॉरीन मदतीला थांबली. मी घरून बादली आणि तांब्या नेला होता. ती बादली आईने इथे आल्या आल्याच, सगळं बंद व्हायच्या आधी, कासलबारच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. शॉवरखाली उभं राहून तिला आंघोळ झाल्यासारखी वाटायची नाही. खोबरेल तेल थंडीने गोठलेलं होतं, बाटली गरम पाण्यात धरली तेव्हा सुटलं. दिवाळीच्या उटण्याची निम्मी पुडी शिल्लक होती.

बादलीत एक फ्लास्क रिकामा केला. वाफ वर आली आणि माझ्या चष्म्यावर बसली. नळ सोडून गार पाणी घातलं. किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. सगळ्यांचं विसण तिला माहीत होतं. तिचं कोणाला माहीत नव्हतं, कारण तिला कधी कोणी पाणी काढलंच नव्हतं. मग मला ते दगडी कुंड आठवलं, आजीबाईंनी लोटलेलं पाणी, आईने हलवलेली मान. तेवढं गरम. मी झग्याची बाही वर सारून कोपर उघडं केलं आणि बादलीत बुडवलं. मॉरीन खिडकीतून बाहेर बघू लागली आणि बघतच राहिली.

अजून जरासं गार. मग बरोबर झालं.

"पाणी काढलंय, आई," मी म्हणाले. ते सवयीचं वाक्य होतं, पण म्हणायची सवय तिची होती.

आधी डोक्याला तेल. मग उटणं. मग तांब्या तांब्याने पाणी, डोक्यावरून नाही, खांद्यांवरून, तिला केस एकदम भिजलेले आवडायचे नाहीत. मॉरीनने तिला कुशीवर धरलं, फार जपून. एक फ्लास्क संपला, दुसरा संपला. तेवढं पुरलं असतं. पण तिसराही होता. मी तोही बादलीत ओतला, विसण घातलं, आणि सगळा तिच्या अंगावर घातला. घाई नव्हती. बाहेर ब्रायडी उभी होती आणि ती हाक मारत नव्हती.

नंतर साडी नेसवली, आरवलीच्या मामाने दिलेली, जांभळी. आणि मॉरीनने विचारलं म्हणून पेटीत ठेवायला ते फेब्रुवारीचं पान दिलं.

दहन शॅननला, त्याची जवळची सोय तिथेच होती. सकाळी मॉरीनने गाडी मुद्दाम आमच्या गल्लीतून नेली. नियमाप्रमाणे दहा माणसांना परवानगी होती, आणि आम्ही तिघीच होतो, मी आणि माझ्या विभागातल्या दोन परिचारिका. पण गल्लीतल्या प्रत्येक फाटकापाशी माणसं उभी होती, अंतर राखून, टोप्या काढून. त्यातल्या कित्येकांनी आईला फक्त खिडकीत बघितलं असेल. ब्रायडी आपल्या फाटकात होती. तिने छातीवर क्रूस काढला आणि मग, मला वाटतं, आमच्या पद्धतीने हातही जोडले. दोन तासांचा रस्ता. गुरुजी पुण्याहून मंत्र म्हणत होते, रणजित पडद्यावर होता, आवाज मधेमधे तुटत होता. सगळं झालं.

पाचला घरी परतले. अंधार पडला होता. दहनाहून आल्यावर आधी आंघोळ करायची, मगच कशाला हात लावायचा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दारात बूट काढले. मनात आलं, आता इमर्शन लावायला हवं, आणि अर्धा तास पायरीवर बसायला हवं.

वर लाल दिवा दिसत होता.

मी जिन्याखाली उभी राहून त्या दिव्याकडे बघत राहिले. मग खिशातला फोन काढला. ब्रायडीकडे आमची एक किल्ली असते. तिचा संदेश चार वाजून पस्तीस मिनिटांचा होता. "पाणी लावून ठेवलंय. तुझी आई सांगायची, घरी आलीस की तुला आधी न्हायला लागतं. बंद करायला विसरू नकोस."

बादली आणि तांब्या मॉरीनने धुऊन पिशवीत घालून दिलेले होते. मी बादली नळाखाली ठेवली. पाणी कढत होतं. गार पाणी घातलं, कोपर बुडवलं, अजून जरासं घातलं. माझं विसण किती ते मला माहीत होतं. लहानपणापासून मला तेच मिळत आलं होतं. बराच वेळ न्हायले. कोणी हाक मारली नाही.

मग खाली आले, परसाचं दार उघडलं आणि ओल्या केसांनी पायरीवर उभी राहिले. कुंपणापलीकडे ब्रायडीच्या स्वयंपाकघरातला दिवा होता. तिचं दार उघडलं.

"बंद केलंस का?" ती ओरडली.

"केलं," मी म्हणाले.

"ग्रँड," ब्रायडी म्हणाली.